अक्का, रविवारचं पातेलं चढलंय

अक्का,

दशक्रियेच्या आदल्या दिवशी केडगावच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला. तुझ्या प्राचीच्या बारावीच्या निकालाला काढलेला फोटो घेतला, त्यातून प्राचीला कापून काढलं, मागे ढग आणि कमळं घातली आणि खाली लिहिलं, 'प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक'. मी पारनेरची शाळा करून एसटीतून उतरले, ते वाचलं आणि भर चौकात मला हसू फुटलं. सोशिक? तू? किलोभर टोमॅटोत एक नरम निघाला तर गाडीवाल्याला अख्खी पाटी उलटी करायला लावणारी बाई सोशिक कधीपासून झाली? मजकूर कुणी दिला म्हणून विचारलं, तर वन्संनी. आपल्या दोघींच्या नवऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं. जन्मभर तुला तोंडाळ म्हणाल्या आणि गेल्यावर एका रात्रीत सोशिक करून टाकलं.

म्हणून मी हे लिहायला बसले. त्या फ्लेक्सवरच्या बाईला मी ओळखत नाही. मी ओळखते ती माझी थोरली जाऊ, जिला मी चारचौघांत 'अहो अक्का' म्हणायचे आणि रविवारी पातेल्यापाशी दोघीच असलो की 'अगं अक्का'. इथेही आपण दोघीच आहोत. तेव्हा अगंच म्हणणार.

भेटायला येणाऱ्या बायका काय म्हणत होत्या ते ऐकायला हवं होतंस. 'भरल्या कपाळानं गेली. सवाष्ण गेली. भाग्य काढलं हो.' कसलं भाग्य? लग्नसराईच्या ब्लाउजची रास मशीनवर अर्धी पडलेली, पोरगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आणि तू पन्नाशीसुद्धा गाठली नाहीस. असलं भाग्य कुणाला हवंय? मी एकीला तसं तोंडावर विचारलंही. ती बिचारी पदर सावरत उठून गेली. आमच्या ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. तू असतीस तर तोंडात पदर कोंबून हसली असतीस, मला माहीत आहे.

जावा-जावा आणि उभा दावा, असं आपल्यात म्हणतात. माझ्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच सासूबाईंनी चुली वेगळ्या करून दिल्या. एकाच प्लॉटवर दोन घरं आणि मधे कमरेएवढी भिंत. भावकीला वाटलं, आता या दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडणार. भांडलोच की आपण. पण आपली भांडणं मसाल्यावरून व्हायची, जमिनीवरून किंवा दागिन्यांवरून कधी झाली नाहीत, हे भावकीला कळलंच नाही.

ओंकार लहान होता तेव्हाचं आठवतं? मी दिवेलागणीला पारनेरहून यायची, ते थेट ओट्यापाशी. पोरगं पायाला मिठी मारून रडतंय, कुकर लावायचाय, वह्या तपासायच्यात. तुझी वेगळीच तऱ्हा. लग्नसराईत मशीनवरून उठायची सोय नाही आणि तुझा नवरा, आमचे दादा, एमआयडीसीतून पाळी करून आले की त्यांना ताट समोर हवं. एका बुधवारी मी भिंतीपाशी उभी राहून तुला म्हणाले की मी नोकरी सोडतेय. तू कात्री खाली ठेवलीस.

"सोडून काय करशील? माज्यावानी दिसभर ह्या भिताडाकडं बगत बसशील? नोकरी सोडायची न्हाई, मास्तरीण. रईवारची सकाळ मला दे. बाकीचं मी बगते."

मी तुला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. लख्ख स्वयंपाकघरातली एक बाई रविवारीच आठवड्याचं चिकन शिजवून काचेच्या डब्यांत भरून ठेवत होती. तू तो शेवटपर्यंत पाहिलास आणि खो खो हसलीस. "हे सांगाया व्हिडिओ लागतोय व्हय? आमी कोपीवर हेच करायचो की."

तेव्हा पहिल्यांदा तू मला कोपीचं सांगितलंस. पाथर्डीकडचं तुझं माहेर, दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला निघायचे, तूही ट्रकमध्ये बसून जायचीस. उसाच्या पाचटाची खोपटी म्हणजे कोपी. अंधारातच उठून दिवसभराच्या भाकरी थापून घ्यायच्या, भाकरीला लावून खायचं कोरड्यास करून ठेवायचं, मग दिवसभर फडात कोणी चुलीचं नाव काढायचं नाही. भाऊ लहान होते, आई फडात होती, रांधायला कुणीतरी हवं म्हणून आठवीत तुझी शाळा सुटली ती कायमचीच. हे सगळं तू लसूण सोलता सोलता सांगितलंस आणि लगेच मला म्हणालीस, "कोथमीर धुतली का न्हाई तू?" मी मान खाली घालून कोथिंबीर धुतली.

आपला पहिला रविवार तर फसलाच. तयार रस्साच डब्यांत भरला, वर बटाटे घालून. मंगळवारी डबा काढला तर बटाटा स्पंजासारखा, चावला की नुसतं पाणी. दादांनी तो ताटाच्या कडेला सारला. तेवढ्यावरून तू पुढच्या रविवारी फर्मान काढलंस की आपण अळणीपर्यंतच, बिनमसाल्याच्या शिजवणापर्यंतच जायचं, मसाला ज्या त्या दिवशी. मग तेच ठरलं. मोठ्या पातेल्यात कांदा परतायचा, हळद-मीठ आणि आलं-लसणाचं वाटण चोळलेलं चिकन घालायचं, वर ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं आणि तेच गरम पाणी आत सोडायचं. पोरांना वाटीवाटी अळणी प्यायला द्यायची. उरलेलं परातीत पसरून निववायचं आणि एका जेवणाचा एक असे डबे भरून फ्रीजरला टाकायचे, काही तुझ्या, काही माझ्या. आठवड्यात मग मी एसटीतून उतरून हातपाय धुवेपर्यंत जेवण व्हायचं. एक दिवस रस्सा, एक दिवस सुक्कं, ओंकारनं हट्ट केला तर पुलाव. तू तर वाटणही करायची नाहीस. माहेरहून आणलेला येसूर, ते भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, चिमूट चिमूट लावलास की कालवण दाट. मी भाकरी थापेपर्यंत तुझं ताट वाढून झालेलं असायचं.

व्हिडिओतल्या त्या बाईला आठवड्याचे सगळे वार मोकळे होते. आपल्याला मात्र देवांना विचारून डबा काढावा लागायचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दादांच्या दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यातून एखादी चतुर्थी, एकादशी. श्रावण जवळ आला की दोन्ही फ्रीजर रिकामे करायची घाई. एवढं सगळं तू तोंडपाठ ठेवायचीस, आणि तरी ती अंगारकी आपल्या हातून निसटलीच! मंगळवार म्हणून बिनधास्त डबा उतरवलास, फोडणी दिलीस, वास गल्लीभर सुटला आणि शेजारच्या मार्थाबाई फाटकातून डोकावल्या. ख्रिस्ती बाई, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, पण आपले सणवार आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

"अगं, आज तुमची अंगारकी ना? गणपतीला केवढी रांग लागलीय."

तू पातेल्याकडे पाहिलंस, मार्थाबाईंकडे पाहिलंस, आणि पुढच्याच क्षणी पातेलं चिमट्यासकट उचलून त्यांच्या हातात दिलंस. "घ्या बाई. देवानंच धाडलंय तुमाला." दुसऱ्या दिवशी पातेलं लख्ख घासून परत आलं आणि सोबत निरोप आला, पुढची अंगारकी कधी? तू तो किस्सा वर्षभर सांगत होतीस आणि दर वेळी त्यात वास जरा लांबपर्यंत जायचा.

वाटणाचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं, तेव्हा तू ते असं पाहिलंस की जणू मी देव्हाऱ्यात चपला ठेवल्यात. "मसाला बाटलीत ऱ्हातो, मास्तरीण. वाटन न्हाई ऱ्हात. त्येला जीव आसतो." माझं म्हणणं होतं की जिवाबिवाचं काही नाही, चवीत काडीचा फरक पडत नाही. तू डोळे मिटून चव घेतलीस आणि म्हणालीस, "फरक हाय." आता तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं वाटत असेल तर विसर. फरक नाही, अक्का. तेव्हाही नव्हता, आजही नाही.

तुझ्यामुळे माझी नोकरी टिकली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग? पेढे वाटू का?" म्हणून राहून गेलं. आज म्हणून टाकते. शाळेत मी फळ्यापाशी उभी असायचे ती त्या पातेल्याच्या जिवावर. पेढे वाटायचे तर वाट.

आणि आता जे खरं भांडायचंय ते. शेवटच्या रविवारी पातेलं उतरवताना तू मधेच थांबलीस आणि पाटावर बसलीस. कानात शिट्टी वाजतेय म्हणालीस. पातेलं काही हलकं नव्हतं, दोन घरांचं होतं ते. मी म्हणाले, दादांना हाक मार, बाहेर पेपर वाचत बसलेत. तू फणकारलीस, "माज्या सैपाकघरात गडीमानूस नगं." तेवढ्यात प्राची आतून आली. "आई, मी धरू का एका बाजूनं?" तिच्यावर तर तू ओरडलीसच. "तू आत जा. पुस्तक घिऊन बस. हिकडं फिरकायचं न्हाई."

पोर गेली. मी म्हणाले, "अगं, शिकू दे तिला. दादांनाही शिकव. उद्या तू आजारी पडलीस तर हे घर खाईल काय?"

"मी न्हाई पडत आजारी."

"बीपीची गोळी घेतलीस?"

"घेतली."

घेतली नव्हतीस. गोळ्यांचं पाकीट मशीनच्या खणात जसंच्या तसं सापडलं प्राचीला. अख्ख्या आठवड्याच्या डब्यांचा हिशोब तुझ्या डोक्यात, कोणत्या वारी काय काढायचं ते पाठ आणि स्वतःची एक गोळी तेवढी विसरायची? का विसरली नव्हतीस, मुद्दामच घेत नव्हतीस? मला तुझा एवढा राग आला होता की तुला न्यायच्या वेळी मी रडले नाही. लोकांना वाटलं, जाऊच ती, कशाला रडतेय. वाटू दे.

गुरुवारी दुपारी मशीनवर तू मान टाकलीस तेव्हा मी पारनेरला सातवीच्या वर्गावर होते. मी नगरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. एवढंच लिहिते. बाकीचं फ्लेक्सवाल्यांनी लिहावं.

दुसऱ्याच दिवशी वन्संनी तुझा फ्रीजर उपसला. घरात सुतक, मांसमटण, वशट काही ठेवायचं नाही, हे मलाही मान्य होतं. पण त्यांनी एकेक डबा अंगणात आणून भर लोकांत उघडला. "हे बगा. शिळंपाकं. ऊसतोडीच्या टोळीवरची सवय, दुसरं काय. ह्ये खाऊनच गेली माजी भावजय."

दादा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मी मात्र उठले. "वन्सं, डॉक्टरांनी रक्तदाब सांगितलाय. मेंदूत रक्तस्राव झाला. चिकननं होत नाही तो." मार्थाबाई सुतकाच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती." वन्संनी दोघींकडे पाहिलं आणि डबा कुत्र्यापुढे पालथा केला.

त्या डब्यांसाठी मी हळहळले नाही. डबे काय, परत भरता येतात. पण ते 'शिळं' माझ्या डोक्यात गेलं. एकदा माझ्याच तोंडून तो शब्द गेला होता तेव्हा तू मला सुनावलं होतंस, "शिळं म्हंजी जे इसरून ऱ्हायलं त्ये. आपन ध्यान ठिवून आदी केलंय, त्ये शिळं कसं?" हे मला त्या अंगणात ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगले आणि वन्संनी बाहेरच्या खोलीत बैठक मारली. दादा, आमचे हे, मी. प्राची पाण्याचे तांबे उचलत होती.

"आरं, माज्या मनात एक हाय," वन्सं म्हणाल्या. "वर्साच्या आत पोरीचं उरकून टाकू. न्हाईतर मंग तीन वर्सं थांबाया लागंल. स्थळ हाय माज्या बगन्यात, हितंच केडगावात. हाकंच्या अंतरावर. पोरगी तुज्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल, सकाळ-संध्याकाळ तुला डबा पोचवील. तवर कॉलेजचं बंद करून घर बगू दे तिला. तुला कोन करून घालनार हाय?"

घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकतात, हे मी जन्मल्यापासून ऐकत आलेय. पण बापाला डबा पोचवायला लेकीचं लग्न लावतात, हे तेराव्याच्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. प्राचीच्या हातातला तांब्या लवंडला. फरशीवर पाणी पसरलं. तिनं ते फडक्यानं पुसलं, मान खाली घालूनच.

मी दादांच्या तोंडाकडे पाहत होते. म्हटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. दादा बोलले ते एवढंच, "बगू."

बगू! अक्का, वाटणावरून तू माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस, पण या 'बगू'वरून तू त्या माणसाशी एकदा तरी भांडायला हवं होतंस. पोरीला तू चुलीपासून लांब ठेवलंस ते कशासाठी, हे त्या तांब्याच्या आवाजाबरोबर मला समजलं. मला वाटायचं, तू लाडावतेयस तिला. पण नुसतं तिला लांब ठेवून कसं चालेल गं? चुलीपाशी कुणीतरी लागतंच. तू होतीस तोवर तू होतीस. तू उठलीस तर ती जागा आपोआप पोरीची झाली, कुणी विचारलंसुद्धा नाही. मी तुला हेच सांगत होते त्या रविवारी. ऐकलं नाहीस.

म्हणून मीच तोंड उघडलं. "वन्सं, दादांना डबाच हवाय ना? मग डबा बघू. त्यासाठी लग्न कशाला?"

"डबा कोन देनार? तू? तू सकाळी जाती ती रातीला येती."

"रविवारी करून ठेवणार. अक्का करत होती तसंच."

"शिळं?" वन्सं म्हणाल्या.

"हो, शिळं," मी म्हणाले. "तुमच्या भावाला आठ-दहा वर्षं तेच घातलंय तिनं आणि बघा, चांगला ठणठणीत बसलाय तो तुमच्यासमोर."

आमचे हे खोकले. वन्सं उठल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, सव्वा महिना तरी घरात वशट नको, पाळा जरा. मी म्हणाले, बघू. दादांचाच शब्द.

रात्रीची भांडी आवरत होते तेव्हा प्राची भिंतीपाशी आली. डोळे सुजलेले. "काकू, मी कॉलेज नाही सोडणार. पण पप्पांचं काय? त्यांना चहासुद्धा येत नाही." पोर रडत होती ती स्वतःसाठी नव्हे, त्या चहासाठी. मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला. तुझाही.

परवा रविवार होता. सकाळी मी स्वतः चिकन आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, आज एकट्याच?" मी म्हणाले, "हो. पण नेहमीएवढंच द्या." ते घेऊन मी माझ्या घरी गेले नाही, तुझ्या घरी गेले. तुझ्या ओट्यावर, तुझ्याच गॅसवर पातेलं चढवलं. सव्वा महिना झाला नव्हता, माहीत आहे. ज्याला विटाळ वाटेल त्यानं खाऊ नये. मी ठरवलं होतं की आज या घरातून वास सुटला पाहिजे, गल्लीभर, अगदी वन्संच्या कानावर जाईल इतका.

कांदा तांबूस होत आला तेव्हा दादा दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या बाहेर. इतकी वर्षं तू त्यांना तिथंच तर थांबवलं होतंस. मी आठवड्याच्या फोडणीसाठीचे लसणाचे गड्डे त्यांच्याकडे सरकवले आणि म्हणाले, "आत या. खाली बसा. सोला."

"मला कुटं येतंय?"

"मलाही येत नव्हतं. अक्कानं शिकवलं."

दादा उंबरा ओलांडून आले आणि मांडी घालून बसले. एमआयडीसीतल्या यंत्रांची बोल्टं फिरवणारे ते हात, लसणाच्या पाकळीशी झटत होते. सालं अंगभर. अक्का, तुझा नवरा तुझ्या स्वयंपाकघरात बसला होता. तुझ्या मनाविरुद्ध. मीच बसवला. हवं तर मला बोल, मी ऐकून घेईन.

"मास्तरीणबाई," ते मधेच म्हणाले, "मंगळवारी डबा काडला आन् मला मसाला जमला न्हाई तर?"

"नाही जमला तर अळणी खा. त्यानं कुणी मरत नाही."

त्यावर ते हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला, लसणाच्याच हातानं डोळे पुसायला गेले आणि आणखीच झोंबलं. मी मान फिरवून ताटात पाणी ओतत राहिले. मीही रडले, अक्का. तेव्हा पहिल्यांदा. कांदा परतून झाला होता, त्याचं निमित्तही उरलं नव्हतं.

वास आत गेला तशी प्राची आली. हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं. बापाला खाली बसलेलं पाहून ती थबकली. पुस्तक ओट्यावर ठेवून बाह्या सारायला लागली. "पप्पा, उठा तुम्ही. मी करते."

दादांनी वर पाहिलं नाही. "तू आत जा," ते म्हणाले. "परीक्षा हाय ना तुजी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं.

ती गेल्यावर दादांनी लुंगीला हात पुसले, मोबाईल काढला आणि तिथंच, पातेल्याजवळ बसून बहिणीला फोन लावला. यंत्रांच्या आवाजात राहून त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा आवाज नेहमीच मोठा असतो. परवा जरा जास्तच होता.

"ताई, त्या स्थळाला न्हाई कळव. ... न्हाई, पुडं बी न्हाई. पोरगी शिकनार हाय. ... बोलू दे लोकास्नी. ... डबा? डबा मीच करतोय. लसूण सोलाय बसलोय बग आत्ता."

पलीकडून वन्सं बराच वेळ बोलत राहिल्या. दादांनी फोन तसाच जमिनीवर ठेवला आणि पुढचा गड्डा फोडला.

मग आम्ही दोघांनी पातेलं दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. चिकन परातीत निवलं, डबे भरले, फ्रीजरला लागले. दादांनी ओटा पुसला, कसाबसा, कोपरे सोडून. प्राची आतल्या खोलीत मोठ्यानं पाठ करत होती, औषधांची लांबलचक नावं, चुकत, परत पहिल्यापासून. तिला कुणीही हाक मारली नाही, अक्का.